ऑर्डर नसताना

डॉक्टर हिरेमठांनी रिपोर्ट पालथा केला,
मागच्या कोऱ्या बाजूवर आकडा लिहिला: ६१७.
म्हणाले, इथं एक अक्षर बदललंय, येमूलमामा.

मला समजवायला त्यांना फार वेळ लागला नाही.
चाळीस वर्षं मी साखर पेठेत पत्र्याखाली बसून
पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
जिथं भोक, तिथं ताण्याचा धागा वर;
जिथं नाही, तिथं खाली.
जेकार्डला एवढंच वाचता येतं.
एकदा बाराव्या पुठ्ठ्यात एकच भोक चुकलं
आणि दोनशे चादरींवर मोराचा डोळा
मानेवर आला.
व्यापाऱ्यानं घेतल्या. निम्म्या भावानं.

नाव काय म्हणालात त्याचं?
जॅक. जॅक टू.
मी हसलो, जेकार्डचा चुलतभाऊ असणार.
नाही हो, तो कारकून आहे,
पेशीच्या भिंतीला आतून टेकून बसलेला.
बाहेरून निरोप येतो: रक्त कमी पडतंय, काढा माल.
हा पुढच्याच्या पाठीवर फॉस्फेटचा शिक्का मारतो,
पुढचा पळत जातो पार गाभ्यापर्यंत,
माग सुरू.
निरोप थांबला की हा गप्प.
त्याच्याच अंगात त्याचा दुसरा अर्धा राहतो,
दिसायला डिट्टो, शिक्के मारण्याच्या कामाचा नाही,
त्यानं फक्त पहिल्याचं मनगट धरून ठेवायचं.
तुमच्यात ते मनगट सुटलंय.

म्हणजे बाण्याचा काटा गेला, मी म्हणालो.
धागा तुटला की काटा रिकामा पडतो,
खट्, माग बंद.
काटा गेलेला माग मी पाहिलाय,
नुसताच धोटा फेकत राहतो, वेड्यासारखा.
हा तर धागाही संपू देत नाही.

बापाकडून आलं का?
नाही.
मल्लेशला जाईल?
शक्यतो नाही. हे तुमच्या एकट्याचं,
एका पेशीत, कधीतरी, एके दिवशी झालेलं.

तो दिवस मी आठवून पाहिला.
तापमान चव्वेचाळीस असेल, लाइट गेली असेल,
मी चहा पीत असेन.
मल्लेश बाणेरला कॉम्प्युटरवर बसतो.
चला, माझ्याकडून त्याला पंचही गेला नाही
आणि हेही नाही.

पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं,
मी आंघोळ करतो आणि अंग असं खाजतं
की राजव्वा दाराबाहेरून विचारते, एमैंदी?
काय झालं ते तिला तेलुगूत सांगायला शब्द नाही,
मराठीतही नाही.
काही नाही म्हणतो, लाल तळहात पाठीमागे धरतो.

दर तीन आठवड्यांनी साडेतीनशे मिली काढतात.
घट्ट, काळपट, नळीतून कुरकुरत उतरतं.
कुणाला चढवता येईल का, मी फरझानाला विचारलं.
नाही काका, हे टाकायचं.
पिवळ्या पिशवीत.
रंग पक्का आहे, म्हणालो, धुऊन बघ.
ती हसली नाही, नंतर हसली.

आमच्या बोळात पूर्वी ओरडल्याशिवाय बोलता येत नसे.
गेल्या दिवाळीत शेवटचे चार माग भंगारात गेले,
किलोवर.
आता कुत्र्यानं जांभई दिली तरी ऐकू येते.
ऑर्डरच नाहीत, सगळे म्हणतात.
आणि इथं बरगडीच्या आत
तिन्ही शिफ्ट चालू आहेत,
नुसता लाल माल, थप्प्यांवर थप्प्या,
ना व्यापारी, ना गोडाऊन,
कोण मागवतंय कोण जाणे.

काल रात्री माळ्यावरून जुना पुठ्ठा काढला.
सहाशेचं मशीन म्हणत असू, सुया सहाशे बारा.
बोटानं मोजत गेलो, ओळीमागून ओळ.
सहाशे बाराला पुठ्ठा संपला.
पंच हातात होता.
मी कडेबाहेर मोजत राहिलो,
तेरा,
चौदा,
पंधरा, सोळा